कॉलिन चॅपमन : हलक्या गाड्या आणि गारा

मासिकाच्या मराठी विभागासाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र द्या, अशी नोटीस मेसच्या बोर्डावर लागली तेव्हा आमच्या मजल्यावर तासाभरात सगळी नावं वाटून झाली. विश्वेश्वरय्या गेले, टिळक गेले, कलाम सरांवर तर तिघींनी हक्क सांगितला. माझ्या वाट्याला कुणी उरलं नाही म्हणून मी एक इंग्रज निवडला. इंग्लिश मीडियमवाल्या मुलीकडून दुसरं काय होणार, असं आमच्या मराठी विभागाच्या संपादिकेच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण या माणसाकडे मी वळले ते कॉन्व्हेंटमुळे नाही, वेल्ह्याकडच्या गुंजवणे गावात पडलेल्या गारांमुळे. तो किस्सा पुढे येईलच. आधी माणूस.

कॉलिन चॅपमन. लोटस या मोटार कंपनीचा संस्थापक. जन्म १९ मे १९२८, लंडनजवळच्या रिचमंडमध्ये. वडील लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचं हॉटेल चालवायचे, आणि मुलगा वाढला तो तिथेच. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. हे नीट लक्षात ठेवा. मोटारीच्या जगात ज्याचं नाव देवासारखं घेतात तो मेकॅनिकलचा नव्हता. आमच्या सिव्हिलच्या पोरींनी यावर पार्टी मागायला हरकत नाही.

कॉलेजात असताना तो विद्यापीठाच्या हवाई तुकडीत विमान चालवायला शिकला. शिवाय एका मित्राबरोबर जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदा सुरू केला. लंडनची वॉरन स्ट्रीट तेव्हा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध होती. लेक्चर बुडवून गाड्या विकणं चांगलं चाललं होतं, पण १९४७ च्या शेवटी ब्रिटिश सरकारने खासगी गाड्यांचं पेट्रोलचं रेशन बंद केलं आणि जुन्या गाड्यांचा बाजार एका रात्रीत बसला. होतं नव्हतं ते त्यात गेलं. उरली एक न विकली गेलेली ऑस्टिन सेव्हन. वर गणिताच्या शेवटच्या पेपरात गचका. डिग्री एक वर्ष उशिरा, १९४९ मध्ये, तो पेपर पुन्हा देऊन मिळाली. म्हणजे आपल्या भाषेत चॅपमनचा एम-थ्री राहिला होता. वायडी झालेल्या सर्व मित्रमैत्रिणींनी हा परिच्छेद कापून कपाटाच्या दाराला लावावा.

त्या न विकल्या गेलेल्या ऑस्टिनचं त्याने काय केलं? तिचं अंग उतरवलं आणि प्लायवुडवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवून नवीन अंग चढवलं. ही युक्ती विमानांची. काम चाललं होतं हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. १९४८ ची ही गाडी म्हणजे पहिली लोटस. लोटस हे नाव कुठून आलं याच्या इतक्या दंतकथा आहेत की त्यात शिरण्यात अर्थ नाही. पुढे ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करता करता १९५२ मध्ये त्याने लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. भांडवल होतं हेझलने दिलेले पंचवीस पौंड. जागा होती वडिलांच्या हॉटेलमागचे जुने तबेले. दोन वर्षांनी हेझलशी लग्न झालं आणि १९५५ मध्ये नोकरी सोडली.

त्याच्या सगळ्या गाड्यांमागे एकच विचार दिसतो. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल. वजन कमी केलं तर ती सगळीकडे पळेल, म्हणजे वळणावर, ब्रेक दाबताना, चढावर, अगदी टायर झिजण्याच्या हिशोबातसुद्धा. दुसऱ्या कंपन्या मोठं इंजिन बसवत होत्या तेव्हा चॅपमन प्रत्येक ब्रॅकेट हातात घेऊन विचारायचा की ही काढता येईल का, आणि काढता येत नसेल तर एकाच ब्रॅकेटने दोन कामं होतील का. स्ट्रक्चरचा विद्यार्थी असल्यामुळे त्याला ताण कुठून कुठे जातो ते डोळ्यांनी दिसायचं म्हणतात. आपल्याला ते फक्त व्हायवाच्या आदल्या रात्री दिसतं.

आता फायबरग्लास. काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याचं तंत्र अमेरिकेत १९३० च्या दशकात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन वापरून होड्या बनू लागल्या. १९५३ मध्ये शेवरलेने फायबरच्या अंगाची कॉर्व्हेट आणली आणि पहिल्या वर्षी तीनशे गाड्या केल्या. स्टीलचा पत्रा दाबायला अवाढव्य प्रेस आणि महागड्या डाय लागतात, त्या परवडायला हजारो गाड्या विकायला हव्यात. फायबरला लागतो फक्त साचा, ब्रश, रोलर आणि रेझिनचा वास सहन करणारी माणसं. तबेल्यातून मोटारी काढणाऱ्या कंपनीला ही देणगीच होती.

पण कॉर्व्हेटमध्ये फायबर म्हणजे नुसता अंगरखा. आत स्टीलची जाडजूड चॅसी होतीच. चॅपमनने विचारलं, चॅसी हवीच कशाला? अंड्याला कुठे सांगाडा असतो? १९५७ च्या लंडन मोटार शोमध्ये त्याने एलिट ही गाडी मांडली. तिला चॅसी नव्हती. फायबरचं कवच हाच सांगाडा. फक्त पुढे इंजिन-सस्पेन्शनसाठी आणि काचेच्या चौकटीभोवती थोडं स्टील कवचातच भरलेलं, बाकी सगळा भार काचेच्या तंतूंवर. अंगाचा आकार पीटर कर्वन-टेलर या त्याच्या अकाउंटंट मित्राने काढला होता (आमच्या कॉमर्सच्या भावंडांना कमी लेखू नका), आणि हवा कशी कापायची हे विमान कंपनीत काम केलेल्या फ्रँक कॉस्टिनने पाहिलं होतं. ड्रॅग कोएफिशंट ०.२९. आजच्या चांगल्या गाड्यांच्या रांगेत सहज बसेल असा हा आकडा आहे आणि तो १९५७ चा. वजन सुमारे पाचशे किलो. इंजिन अवघं १२१६ सीसीचं, तरी ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी आपल्या वर्गात पुन्हा पुन्हा जिंकली.

इथे मी गाडी गुंजवण्याकडे वळवते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

राजगड बघितलेल्यांना गुंजवणे माहीत असेलच. नसरापूर, मार्गासनी, साखर करत एसटी पायथ्याला येते, तिथून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर चढतात. माझ्या रूममेटचे मामा तिथे राहतात. आमच्या कॉलेजची फॉर्म्युला गाडीची टीम आहे, त्यात आम्ही दोघी बॉडीवर्कला. फायबरचं काम होस्टेलच्या आसपास करायला परवानगी नाही, वास येतो म्हणून. शहरात शेड भाड्याने घ्यायची आमची ऐपत नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात साचा, मॅट आणि रेझिनचे डबे मामांच्या पिकअपमधून गुंजवण्याला नेले आणि त्यांच्या गोठ्याशेजारच्या पडवीत गाडीचं नाक, म्हणजे नोज कोन, बनवलं. साच्याला मेण, मग लाल जेलकोट, मग मॅटचे थर. दोन थर की तीन, यावर टीममध्ये आठवडाभर भांडण. दोनवाल्यांचं देवत चॅपमन, आणि मी दोनवाल्यांत.

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला सुवेळा माचीवर ढग काळे झाले. वळवाचा पाऊस येणार एवढं सगळ्यांना कळलं. गारा येतील असं फक्त मामी म्हणाल्या. नोज कोन अंगणात स्टँडवर होता, पिकअप शेजारी उभी. आधी कौलांवर खडे टाकल्यासारखा आवाज झाला, मग काहीच ऐकू येईना. बहुतेक गारा सुपारीएवढ्या, मधूनच एखादी लिंबाएवढी. सगळा खेळ दहा-बारा मिनिटांचा.

पाऊस थांबल्यावर मामांनी पिकअपच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेले. देवीचे वण उठल्यासारखे पोचे पडले होते, मी सतरा मोजले. आमचं नाक मात्र जसंच्या तसं! लाल, चकचकीत, एक ओरखडा नाही. आम्ही दोघींनी अक्षरशः उड्या मारल्या. फायबर जिंदाबाद, चॅपमन जिंदाबाद.

तेवढ्यात मामी आल्या. त्यांनी नाकावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कुंभाराकडून मडकं घेताना वाजवून बघतात तसं. चार ठिकाणी टणटण वाजलं, पाचव्या ठिकाणी बद्द. मग नाक उलटं केलं आणि आतून टॉर्च मारला. बाहेर जिथे काहीच नव्हतं तिथे आत रुपयाएवढे पांढरे डाग होते, मधून बारीक तडे फुटलेले, चांदणीसारखे. बाहेरून नीट तिरक्या उजेडात बघितल्यावर एका जागी जेलकोटवरही कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेषा दिसल्या.

हे असं का होतं, ते मटेरियल सायन्सच्या पुस्तकात सगळं आहे, पण मला ते त्या अंगणात कळलं. स्टीलच्या पत्र्याला यिल्ड पॉइंट असतो. गार आदळली, पत्रा यिल्डच्या पुढे वाकला, आणि तिथेच राहिला. तोच पोचा. दिसायला वाईट, पण पत्रा तुटलेला नसतो. डेंटर आतून दाबून तो सरळ करू शकतो. फायबरला यिल्ड असं काही नाही. ते वाकतं आणि परत येतं, किंवा तुटतं. मधलं घर नाही. गार वरून आदळते तेव्हा तो भाग क्षणभर खाली वाकतो, वरची बाजू दाबली जाते आणि आतली बाजू ताणली जाते. ताणाने आतल्या बाजूचं रेझिन आधी फुटतं, तंतू सुटतात, थर एकमेकांपासून विलग होतात. मग सगळं परत मूळ आकाराला येतं आणि आपण बाहेरून बघून टाळ्या वाजवतो. पत्रा आपली जखम तोंडावर दाखवतो, फायबर ती पोटात ठेवतं. आणि त्या तड्यांमधून पाणी आत जात राहिलं, की पुढच्या काही वर्षांत रंगाखाली फोड येतात. त्याच्यावर नुसतं लांबी-पॉलिश करून चालत नाही. खराब भाग उतरता घासून काढायचा, आतून नवीन मॅट बसवायची, मग जेलकोट, मग रंग.

गारेचा हिशोबही करून टाकते, कारण तो धक्कादायक आहे. दोन सेंटिमीटरची गार साधारण चार ग्रॅमची, सेकंदाला अठरा मीटरच्या आसपास वेगाने खाली येते. ऊर्जा भरते सुमारे ०.६ ज्यूल. चार सेंटिमीटरची गार तीस ग्रॅमची, वेग पंचवीस मीटरच्या आसपास, ऊर्जा जवळजवळ दहा ज्यूल. व्यास दुप्पट, मार सोळा पट. एक किलोचं वजन मीटरभर उंचीवरून बॉनेटवर सोडल्यासारखं, आणि तेही लिंबाएवढ्या जागेत. सुपारी आणि लिंबू यांच्यामध्येच सगळा फरक आहे. (२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट झाली, त्यात द्राक्षबागांपासून गव्हापर्यंत काय झालं ते आमच्या वर्गातल्या तिकडच्या मुलांना विचारा. त्यांच्यापुढे आमचं नाक म्हणजे काहीच नाही.)

आता परत एलिटकडे. गुंजवण्याच्या नाकाला तडे गेले तरी आमच्या गाडीला काही होणार नव्हतं. आमच्या गाडीची फ्रेम स्टीलच्या नळ्यांची, धडक झालीच तर ऊर्जा शोषणारा भाग वेगळा, नाक म्हणजे शोभेची टोपी. पण एलिटमध्ये छप्पर, दारांची चौकट, जमीन हे सगळं मिळूनच गाडी उभी आहे. तिथे छपरावर लिंबाएवढी गार पडून आतला थर सुटला, तर तो कपड्याला पडलेला डाग नाही, ते हाड दुखावलेलं आहे. गाडी वळणावर पिळली जाते तेव्हा छपरातून ताण जातो, आणि तोच तडा रोज थोडा थोडा वाढू शकतो. म्हणून जुन्या एलिटची पारख करणारे रंग बघत नाहीत, आतल्या बाजूने हात फिरवतात आणि वाजवून बघतात. मामींसारखं.

गारांची गरजही नव्हती म्हणा. एलिटचे त्रास कारखान्यातूनच सुरू झाले. मागच्या डिफरन्शियलचे बोल्ट फायबरमधून उपटून यायचे. कवच ढोलासारखं घुमायचं, त्यामुळे आत बसणाऱ्याचे कान किटायचे. दारांचा आकार असा की काचा खाली करता यायच्या नाहीत. सुरुवातीची कवचं होड्या बनवणाऱ्या कंपनीकडून आली, मग ब्रिस्टल या विमान कंपनीकडे काम गेलं. हाताने थर देण्यात जाडी सगळीकडे सारखी येत नाही, जो माणूस ब्रश मारतोय त्याच्या मूडवर ती अवलंबून. आमच्या नाकाची जाडीही कॅलिपरने मोजली तर दर बोटाला वेगळी निघाली होती, आणि पांढरे डाग नेमके पातळ जागी होते. १९६३ पर्यंत हजारभर एलिट बनल्या आणि प्रत्येक गाडीमागे लोटसला खिशातून पैसे घालावे लागले. जगातल्या सर्वांत सुंदर गाड्यांमध्ये तिचं नाव घेतात. धंदा म्हणून ती आपत्ती होती.

चॅपमनने यातून काय घेतलं ते १९६२ च्या एलानमध्ये दिसतं. ही गाडी रॉन हिकमनने आखली. आधी हिलाही बिनचॅसीची करायचं चाललं होतं. पण फायबरचं अंग तयार व्हायच्या आत सस्पेन्शन तपासायचं होतं, म्हणून पत्रा वाकवून मधोमध पाठीच्या कण्यासारखी एक साधी चॅसी केली, पुढे-मागे इंग्रजी वायसारखी फाकलेली. ती तात्पुरती चॅसी पिळाला इतकी ताठ निघाली की तीच कायम झाली. भार स्टीलच्या कण्यावर, फायबर पुन्हा अंगरखा. मला व्यक्तिशः चॅपमनची ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आपली सर्वांत लाडकी कल्पना पाच वर्षांत बाजूला ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. एलानच्या बॉनेटवर गार पडली तर मालक हळहळेल, पण गाडी हळहळणार नाही.

एलानने लोटसला तारलं. १९६६ मध्ये कंपनी नॉरफोकमधल्या हेथेलला, एका जुन्या लष्करी विमानतळावर गेली. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी हाताने ब्रश मारणं सोडलं. दोन साच्यांमध्ये कोरडी मॅट ठेवायची, साचा बंद करायचा, पंपाने हवा ओढायची आणि त्या ओढीने रेझिन आत येऊ द्यायचं. जाडी एकसारखी, बुडबुडे कमी, वासही कमी. १९७४ ची नवी एलिट आणि त्यानंतरची एस्प्रि अशा बनल्या. १९७७ च्या बाँडच्या सिनेमात पाण्याखाली जाणारी पांढरी गाडी ती एस्प्रिच.

रेसिंगबद्दल थोडक्यात लिहिणं कठीण आहे. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये नळ्यांची फ्रेम काढून ॲल्युमिनियमचं कवच आणलं, एलिटचीच कल्पना धातूत. जिम क्लार्क लोटसवर १९६३ आणि १९६५ मध्ये विश्वविजेता झाला, १९६५ ची इंडियानापोलिसही जिंकला. पुढे गाडीच्या पोटाखालून हवा अशी वळवली की गाडी रस्त्याला चिकटून राहील, आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती विजेता. चॅपमनच्या हयातीत संघाची सात विजेतेपदं. जिंकल्यावर तो आपली काळी टोपी हवेत उडवायचा.

पण दुसरी यादीही आहे, आणि ती न लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. १९६० मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या एकाच वीकएंडला स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं, माइक टेलरच्या गाडीचा स्टीअरिंगचा दांडा तुटला, दोघंही जबर जखमी. टेलरने कंपनीवर दावा लावला आणि जिंकला. त्याच शर्यतीत ॲलन स्टेसी गेला, तो पक्षी तोंडावर आदळून, त्यात गाडीचा दोष नव्हता. १९६८ मध्ये क्लार्क हॉकेनहाइमला गेला, टायर फुटला असावा असं मानतात. १९६९ मध्ये बार्सिलोनात दोन्ही लोटसचे उंच पंख एकामागून एक मोडले. ग्रॅहम हिल वाचला, योखेन रिंटच्या चेहऱ्याला इजा झाली. त्यानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहून गाड्या अधिक मजबूत करायला सांगितलं, थोडं वजन वाढलं तरी चालेल अशा अर्थाचं. १९७० मध्ये माँझाच्या सरावात रिंट गेला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला असावा असा निष्कर्ष निघाला. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

क्लार्कच्या मृत्यूने चॅपमन मनातून कोसळला होता, आणि ते खोटं असेल असं मला वाटत नाही. पण तरी गाड्या हलक्या ठेवण्याचा ध्यास कायम राहिला. कुठलाही भाग कागदावर पुरेसा मजबूत असतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे, आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घालून उत्तर काढतो आणि दहापैकी आठ मार्क घेतो. चॅपमनने तो फॅक्टर खरवडून काढला आणि त्याला मार्क मिळाले. गाडीत मात्र दुसरंच कुणीतरी बसलेलं असायचं. गुंजवण्याहून परतल्यावर आमच्या टीमच्या मीटिंगमध्ये मी नाकाला दोनच थर ठेवा म्हणाले, ते नुसती टोपी आहे. पण ड्रायव्हरच्या फायबरच्या सीटला दोनाचे चार थर करा, असंही म्हणाले. चारशे ग्रॅम वाढले. आमच्या देवघरात त्याचा फोटो अजून आहे, फक्त सीटचं डिझाइन त्याला विचारून केलेलं नाही.

शेवटचा अध्याय डेलोरियनचा. जॉन डेलोरियन या अमेरिकन उद्योजकाने उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशातून स्पोर्ट्स कारचा कारखाना काढला. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी करायचं काम लोटसला मिळालं. चॅपमनने तिला एलानसारखा स्टीलचा कणा दिला, त्यावर फायबरचं कवच, आणि सगळ्यात वर, डेलोरियनच्या हट्टाखातर, बिनरंगाचं स्टेनलेस स्टील. गारांच्या दृष्टीने बघितलं तर ही अजब गाडी आहे. फायबर आत सुखरूप, आणि वरच्या स्टेनलेसला पोचा पडला तर त्यावर लांबी भरून रंग मारायची सोय नाही, कारण रंगच नाही. पत्रा आतून ठोकून मूळ रेषेला आणायचा आणि ब्रशच्या ओरखड्यांची दिशासुद्धा जुळवायची, नाहीतर अख्खा पॅनेल बदलायचा. नऊ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि १९८२ च्या फेब्रुवारीत कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

मग हिशोब तपासणाऱ्यांना असं दिसलं की लोटसच्या कामासाठी म्हणून दिलेले एक कोटी सत्तर लाखांहून जास्त डॉलर पनामात नोंदवलेल्या एका कंपनीमार्फत गेले होते आणि लोटसपर्यंत पोचलेच नव्हते. तपास वाढत असतानाच १६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे चॅपमनला हृदयविकाराचा झटका आला. वय ५४. त्याच दिवशी लोटसची टीम स्नेटरटनच्या ट्रॅकवर एक नवी गाडी तपासत होती. तिच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम संगणकाच्या हुकमावर चालणारे हायड्रॉलिक करणार होते, ही त्याने मार्गी लावलेली शेवटची मोठी कल्पना.

खटला उभा राहीपर्यंत दहा वर्षं गेली. १९९२ मध्ये त्याचा जुना हिशोबनीस फ्रेड बुशेल याला त्या पैशांच्या अफरातफरीसाठी तुरुंगात जावं लागलं. चॅपमन जिवंत असता तर त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असं न्यायाधीशांनी त्या वेळी नमूद केलं. चॅपमन मेला नसून ब्राझीलमध्ये लपलाय, अशी अफवा तोवर इंग्लंडमध्ये चवीने चघळून झाली होती. त्याची कबर नॉरफोकमध्येच आहे, ईस्ट कार्लटनच्या चर्चच्या आवारात, हेथेलच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर.